वन्सं, तुम्ही बाजूला का झालात?

वन्सं, परवा तुमचं तेरावं झालं आणि मला अजून रडू आलेलं नाही. आल्यागेल्यांना ते खटकलं. शेजारच्या काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रड गो, मोकळी हो." मी म्हटलं, "काकू, मला रडू येत नाहीये. मला राग आलाय." त्यांनी हात काढून घेतला आणि पत्रावळी पुसायला गेल्या.

पहिला राग तुमचाच. त्या दिवशी सकाळपासून तुमच्या छातीत कळा येत होत्या. मी शाळेत होते, वार्षिक परीक्षेचे दिवस. माझी मंजिरी घरात होती. तिने तीनदा विचारलं, "आत्ये, तुझा चेहरा असा का दिसतोय?" तुम्ही म्हणालात, "वारा धरलाय मेला." हिंगाचं पाणी प्यालात आणि पुन्हा अंगणात जाऊन कैरीच्या फोडी पालथ्या घालत बसलात. मी दोन वाजता आले तेव्हा पडवीतल्या खांबाला टेकून बसला होतात, घामाने निथळत. आणि माझ्याकडे बघून काय म्हणालात? "तुझं पान झाकून ठेवलंय." डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणलं असतं तर. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी मात्र तेव्हापासून रोज ते पुरं करतेय.

स्वतःचं दुखलंखुपलं बोलायचं नाही, हे कुठे शिकलात तुम्ही? तुम्हाला बोलता येत नव्हतं असं तर मुळीच नाही. मंजिरी तीन महिन्यांची झाली तेव्हा माई, तुमच्या आई नि माझ्या सासूबाई, मला म्हणाल्या होत्या, "आता पुरे झाली ती मास्तरकी. पोर कोण बघणार?" मी खाली मान घालून उभी. तुमचे भाऊ पेपरात तोंड घालून. तुम्ही चुलीपुढून उठून आलात, हाताला पीठ तसंच, आणि म्हणालात, "पोर मी बघत्ये. सुमन शाळेत जाईल." माई म्हणाल्या, "तुला कोणी विचारलं?" तुम्ही म्हणालात, "विचारलं नाहीत म्हणूनच सांगत्ये." त्या एका वाक्यावर मी सोळा वर्षं नोकरी करतेय. मला पोरी 'बाई' म्हणून हाक मारतात ती तुमच्यामुळे. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. मी तुम्हाला काय म्हटलं असेल तर आमटीत गूळ फार पडला, माझ्या साड्यांच्या घड्या पुन्हा घालू नका, आणि माझ्या वर्गातल्या निबंधांच्या वह्या उघडून "हिला चार मार्क कमी का दिलेस? चांगलं लिहिलंय की" असं विचारू नका.

तर माझ्यासाठी तुम्ही बोललात. स्वतःवर वेळ आली तेव्हा तोंड मिटलंत. माझा दुसरा राग तिथला आहे. तो चार वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यात मी स्वतःही आहे.

माईंची पंचाहत्तरी होती. मे महिना. मुंबईचे भाऊजी, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं आली होती. सगळे एकत्र आहेत तर एक फोटो काढून घेऊ, ही कल्पना माझी. रंगीत फोटो तेव्हा आपल्याकडे नवे होते. मयेकरांच्या स्टुडिओत तो धबधबा रंगवलेला पडदा होता, सगळ्या रत्नागिरीची लग्नं त्या धबधब्यापुढे झालीत असं वाटायचं. मला तो नको होता. मला बाहेरचा, समुद्रावरचा फोटो हवा होता, खऱ्या उजेडातला. मयेकर म्हणाले, "औटडोअर? काढू की. पण आधी सगळं ऐकून घ्या बाई, नाहीतर लोक नंतर फोटोवाल्याला बोल लावतात." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. चार वाजता यायचं नाही, ऊन डोक्यावर असतं, सगळ्यांचे डोळे बारीक येतात. साडेपाचला पांढऱ्या समुद्राच्या वाळूवर या. मुलांना खायला घालून आणा, भुकेलं पोर फोटोत रडतंच. कपडे एका जातीच्या फिक्या रंगाचे घाला, मोठी मोठी फुलं नकोत. पदर, केस पिना लावून बांधा, वारा कुणाचं ऐकत नाही. आजीबाईंना बसायला खुर्ची लागेल. आणि पहिले चार-पाच फोटो वाया जाणारच, तेव्हा एकमेकांवर ओरडायचं नाही, कारण ओरडलेलं तोंड पुढच्या फोटोत उतरतं.

मी घरी येऊन हे सगळं सांगितलं. जाऊबाई हसल्या. तुम्ही एकट्याच नीट ऐकत होतात. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही कामाला लागलात. भाऊजींच्या धाकट्याचा सदरा उसवलेला होता तो टाचलात. माईंची पांढरी रेशमी साडी ऊन दाखवून पुन्हा घडी केलीत. पिनांचा डबा भरून घेतलात. आणि मी तुमच्यासाठी आणलेली अबोली रंगाची साडी दोन दिवस नुसती हातात घेऊन बघत होतात. तुम्ही करडं, राखाडी, फार तर बारीक काठाचं निळं नेसायच्या. मी म्हटलं, "वन्सं, सगळ्यांचे फिके रंग आहेत. त्यात तुमचं करडं डाग पडल्यासारखं दिसेल." तुम्ही म्हणालात, "माई?" मी म्हटलं, "माईंचं मी बघते."

माईंचं मी बघते. असं म्हटलं होतं मी.

तुम्ही ती नेसलात. खोलीतून बाहेर आलात तेव्हा मंजिरी म्हणाली, "आत्ये, तू कुठली तरी पाहुणी वाटत्येस." तुम्ही तिच्या टाळूवर टपली मारलीत. माईंनी एकदा तुमच्याकडे बघितलं, मग दुसरीकडे. मला वाटलं, जिंकलं.

पांढऱ्या समुद्रावर त्या दिवशी वारा असा होता की मयेकरांच्या कॅमेऱ्याचं तिकाटणं दोनदा आडवं झालं. माईंची खुर्ची वाळूत एका बाजूने रुतायला लागली, तेव्हा तुम्ही पायातल्या चपला काढून खुर्चीच्या दोन पायांखाली सरकवल्यात. भाऊजींचा धाकटा लाटांकडे पळत सुटला, त्याला तुम्हीच धरून आणलंत. मयेकर ओरडत होते, "नजर इकडे! साहेब, डोळे! अहो, वहिनींचा पदर तोंडावर!" पहिले तीन फोटो तसेच गेले. मग त्यांनी सगळ्यांना नीट उभं केलं. मध्ये माई, मागे दोघे भाऊ, त्यांच्या शेजारी आम्ही दोघी जावा, पुढे वाळूत मुलं. तुम्ही माईंच्या डाव्या अंगाला येऊन उभ्या राहिलात. पदर सारखा केलात. हनुवटी किंचित वर घेतलीत. मला तुमचा अर्धाच चेहरा दिसत होता, पण तुम्ही तयार होतात हे कळत होतं.

आणि माई म्हणाल्या, मान न वळवता, "शांते, तू पोरांच्या चपला सांभाळ बघू. शुभकार्याचा फोटो आहे."

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. मीठ इकडे सरकव म्हणावं तसं.

आणि तुम्ही लगेच बाजूला झालात. लगेच! जणू कुणीतरी म्हणणारच होतं आणि तुम्ही फक्त वाट बघत होतात. मला त्या 'लगेच'चा राग येतो वन्सं. दोन क्षण थांबायचं होतंत. माझ्याकडे बघायचं होतंत. कदाचित मी बोलले असते.

नसते बोलले. खोटं कशाला लिहू.

बोलला तो परका माणूस. मयेकर कॅमेऱ्यावरचं डोकं वर काढून म्हणाले, "ताई, तुम्ही का गेलात? या ना, डावीकडे जागा मोकळी दिसत्येय." मग तुमचा सख्खा भाऊ, माझा नवरा, तुम्ही ज्याला कडेवर घेऊन वाढवलंत तो बाबू, हसून म्हणाला, "नाही, तिला फोटो आवडत नाहीत." मयेकरांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "हो. मला नाही आवडत."

तेवढ्यात माझी पर्स खांद्यावरून घसरली. फोटोत ती दिसली असती. मी ती काढली, हात लांब केला आणि तुम्हाला दिली. तुम्ही ती घेतलीत. माईंनी तुम्हाला शब्दाने बाजूला केलं, बाबूने थापेने. मी तुमच्या हातात सामान दिलं.

पुढचे सगळे फोटो चांगले आले. कारण धाकटा पुन्हा रडायला लागल्यावर तुम्ही मयेकरांच्या मागे उभं राहून, एका हातात पर्स, दुसऱ्या हातात चपला, बोकडासारखं ओरडून दाखवलंत. मुलं खदखदून हसली. मोठेही हसले. मीसुद्धा हसले. फोटोत माझे सगळे दात दिसतात.

पंधरा दिवसांनी रोल मुंबईहून धुऊन आला. फोटो मोठा करून बाहेरच्या खोलीत लागला. पुढच्या वर्षी जाऊबाई आल्या तेव्हा त्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "बघा ना, आम्ही सगळे वन्संकडेच बघतोय. म्हणजे एका अर्थी त्या फोटोत आहेतच." असली गोड वाक्यं ऐकली की माझं डोकं फिरतं. एका अर्थी नको होतं मला. माईंच्या डाव्या अंगाला, अबोली साडीत, दोन पायांवर उभ्या हव्या होतात.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आपण दोघीच होतो. पन्हं करून झालं होतं, तुम्ही आंब्याच्या डाळीला फोडणी देत होतात. साडी बदलून करडी नेसला होतात. मी हळूच म्हटलं, "वन्सं, तुम्ही बोलायला हवं होतं."

तुम्ही झारा खाली ठेवलात. "काय बोलायचं?"

"मी बाजूला होणार नाही म्हणून."

तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत. रागाने नाही, खरोखर कळत नसल्यासारखं. "मग तू का नाही बोललीस?"

मी पातेलं घासत राहिले. ते आधीच घासलेलं होतं. तुम्ही पुन्हा झारा उचललात. मग म्हणालात, "जाऊ दे. घरात कार्य आहे. पानं घे." त्यानंतर आपण त्यावर कधी बोललो नाही. चार वर्षं तोच ओटा, तेच पातेलं. मी रोज ठरवायचे की आज उत्तर द्यावं. उत्तर तरी काय होतं? भीती वाटली, एवढंच होतं. माईंची नाही, घरातला एक सुरळीत दिवस बिघडेल याची. एवढ्याशा भीतीसाठी मी तुम्हाला विकलं, हे तुम्हाला सांगायचं धैर्य झालं नाही.

आता ऐका पुढे काय झालं.

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी तुमचे भाऊ म्हणाले, भिंतीवर लावायला फोटो पाहिजे, तेराव्याला लोक येतील. शोधाशोध झाली. तुमचा फोटो नाही! एकतीस वर्षं या घरात राबलात आणि चार बोटांएवढा फोटो नाही. शेवटी तुमची ट्रंक उघडली. तीच, तुमचे यजमान काविळीने गेल्यावर खेडहून तुमच्याबरोबर आलेली. तळाशी लग्नातला फोटो निघाला. अठरा वर्षांच्या तुम्ही, मळवट भरलेला, शेजारी ते, टोपी घालून. मी तुमचे यजमान पहिल्यांदा बघितले. चेहऱ्याने साधे होते हो. तुमच्याकडे जरा कललेले होते.

तुमच्या भावाने फोटो उजेडात धरला आणि ते म्हणाले, "हा चालेल. मयेकरांना सांगतो, टचिंग करून देतील. भावोजींना कापायचं, कुंकू आणि मंगळसूत्र ब्रशने काढायचं, केस जरा पिकवायचे."

वन्सं, तुमचं कुंकू एकदा पुसलं गेलं तेव्हा तुम्ही एकवीस वर्षांच्या होतात. आता हा माणूस तेच दुसऱ्यांदा करायला निघाला होता, ब्रशने, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मंजिरी दारातून म्हणाली, "बाबा, त्याला हात लावू नका. आत्येचा फोटो आहे. मयेकरांकडे."

ती रडायलाच लागली. "आत्येने शप्पथ घातली होती."

मग तिने सांगितलं. पाहुणे गेल्यावर आठ दिवसांनी तुम्ही "भगवतीला जाऊन येतो" असं सांगून तिला बाहेर काढलंत. बारा वर्षांची होती ती. पिशवीत अबोली साडी होती. मयेकरांच्या त्या धबधब्याच्या पडद्यामागे जाऊन तुम्ही साडी बदललीत. मयेकर म्हणाले, "ताई, तुम्हाला फोटो आवडत नाहीत ना?"

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"मग आता मीच सांगत्ये. काढा. इथे नको, समुद्रावर. तिथेच."

तुम्ही असं बोललात! आणि ते ऐकायला मी नव्हते.

मी त्याच दुपारी मंजिरीला घेऊन मयेकरांकडे गेले. ते तुम्ही गेल्याचं ऐकून होते. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी खालच्या खणातून एक पाकीट काढलं. "ठेवा तुमच्याकडे, मी मागीन तेव्हा द्या, म्हणाल्या होत्या. मागायला आल्याच नाहीत. दोनदा बाजारात भेटल्या, मी आठवण केली, तर म्हणाल्या, आहे ना नीट? मग राहू दे." मयेकरांनी चष्मा पुसला. "रोलात तीनच फोटो उरले होते बाई. पहिल्यात डोळे मिटले, दुसऱ्यात पदर तोंडावर आला. मी म्हटलं, आता एकच. तर त्या मला म्हणतात, मग तुम्ही नीट काढा, माझं मी बघत्ये."

फोटो पावसाळी हवेने एका कडेला थोडा डागाळलाय. तुम्ही अनवाणी उभ्या आहात. डोक्यावरून पदर उडालाय आणि तुम्ही तो धरायचा सोडून दिलाय. हसता आहात, पण ते फोटोसाठीचं हसू नाही. मयेकरांना काहीतरी उलट बोलताना मध्येच टिपल्यासारखं आहे. आणि कपाळावर टिकली आहे.

मी मंजिरीकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्या कपाळावरची काढून मी लावली. आत्ये आधी नको गो, नको गो म्हणाली. मग म्हणाली, लावत्येस तर मध्यावर लाव, तिरकी नको."

"आणि मला का नाही सांगितलंस? चार वर्षं?"

"आत्ये म्हणाली, तुझ्या आईला सांगू नको. ती सगळ्यांशी भांडेल आणि घरात दोन दिवस कोणी धड जेवणार नाही."

मी स्टुडिओतल्या बाकावर बसले. मी सगळ्यांशी भांडेन? मी, जिने पर्स दिली? तुम्हाला खरंच तसं वाटत होतं, की पोरीसमोर तिच्या आईची लाज राखलीत? वन्सं, मला या गोष्टीचा सगळ्यात जास्त राग आहे. एकदा तरी मला विचारायचं होतंत. मी आले असते. पिशवी धरली असती, पदराला पिना लावल्या असत्या, त्या वाऱ्यात तुमच्यासमोर उभी राहून बोकडासारखी ओरडले असते. तुम्ही मला ती संधी दिली नाहीत. बारा वर्षांच्या पोरीला नेलंत आणि मला घरात कांदे चिरत ठेवलंत.

घरी आल्यावर तुमच्या भावाने फोटो बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "हा नाही लावायचा."

"का?"

"टिकली आहे. लोक काय म्हणतील?"

मग मी भांडले. तुम्ही म्हणाला होतात तसं, सगळ्यांशी. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, "तिला फोटो आवडत नाहीत असं तुम्ही सांगितलंत. हा बघा तिला न आवडणारा फोटो."

ते म्हणाले, "मी तिला सावरून घेत होतो. मयेकरांनी आणखी ओढलं असतं तर माई चारचौघांत काहीही बोलल्या असत्या."

असेलही. मी त्यांना ओळखते, त्यांना वाईट वाटत होतं हे मला तेव्हाही दिसलं होतं. पण सगळ्यांना वाईट वाटत असताना तुम्ही एकट्या चपला घेऊन उभ्या होतात, त्याचं काय करायचं? मी तेच विचारलं. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांना जवळ घेतलं नाही.

आमचे आवाज ऐकून आतून माईंनी हाक मारली. माईंना आता मोतीबिंदूमुळे फारसं दिसत नाही हे तुम्हाला ठाऊकच. तुम्ही गेल्याचं त्यांना कळलंय, पण त्या दिवसापासून त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. नुसत्या खाटेवर बसून असायच्या. मी फोटो घेऊन गेले आणि त्यांच्या हातात दिला. मुद्दाम दिला, वन्सं. त्यांना टिकली दिसावी म्हणून दिला. माझ्या मनात तेव्हा दया नव्हती.

त्यांनी फोटो नाकाशी नेला, खिडकीकडे वळवला. "ही कोण गो? कुणाची सून?"

"माई, ह्या शांतावन्सं."

"शांती?"

"हो."

त्या खिडकीकडे तोंड करून बसून राहिल्या. अंगठा फोटोवरून फिरवत होत्या. मला वाटलं टिकली पुसतायत. मी हात पुढे केला. पण अंगठा गालावर होता. मग म्हणाल्या, "केवढी देखणी दिसत्येय. मला कोणी सांगितलं का नाही?"

मला ओरडावंसं वाटलं. कोणी सांगायचं होतं, माई? एकतीस वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर होती. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि त्यांच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं, ते त्यांना कळतही नव्हतं. मी पदराने पुसलं. का पुसलं, सांगता येत नाही.

"बाबू," त्या म्हणाल्या, "खिळा मार. उंचावर नको. मला दिसेल असा."

चिऱ्याच्या भिंतीत खिळा धरेना. तीन ठिकाणी भोकं पडली, लाल भुकटी तुमच्या भावाच्या सदऱ्यावर. चौथ्यांदा बसला. तेराव्याला लोक आले, त्यांनी बघितलं. दोन बायका कुजबुजल्या. एक गृहस्थ म्हणाले, "हा फोटो जरा..." आणि तुमचा भाऊ, ज्याला आयुष्यात कोणाला उलट बोलता आलं नाही, तो म्हणाला, "तिला हाच आवडत होता." तेवढं मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. यामुळे सगळं फिटलं असं मी म्हणणार नाही. माईंनाही मी माफ केलेलं नाही. तुम्ही केलं असेल, तुमचा स्वभाव तसा. ते तुमचं तुमच्यापाशी.

तुम्ही विचारलं होतंत, मग तू का नाही बोललीस. वन्सं, मी भित्री होते. हे उत्तर चार वर्षं उशिरा देतेय. घ्या.

आज संध्याकाळी मंजिरी माझ्याशेजारी बसून कैरीच्या फोडी बरणीत भरत होती, तुम्ही वाळवलेल्या. अचानक म्हणाली, "आई, त्या दिवशी परत येताना आत्ये गात होती."

मी म्हटलं, "कोण?"

"आत्ये. समुद्रावरून येताना, पार वळणापर्यंत. मोठ्याने. एक माणूस सायकलवरून वळून बघत गेला, तरी थांबली नाही. घर जवळ आल्यावर गप्प झाली."

अठरा वर्षं मी तुमच्याबरोबर एका घरात राहिले. तुम्हाला गुणगुणतानासुद्धा ऐकलं नाही. मी विचारलं, "काय गात होत्या?"

मंजिरीने पुष्कळ आठवून बघितलं. शेवटी म्हणाली, "नाही गो आठवत. चाल छान होती."